संतचरित्राची पानं

फार पूर्वी, उत्तरेकडच्या गोठलेल्या समुद्रात एक बेट होतं आणि बेटावर एक मठ. थंडी अशी, की दौत काखेत धरून बसावं तेव्हा कुठे शाई वितळून चार ओळी लिहून होत. मठातली मांजरं उंदीर सोडून मेणबत्तीला चिकटून बसत, असंही सांगतात. मी काही बघायला गेलो नव्हतो.

त्या मठात एक म्हातारा पंडित संन्यासी होता. ग्रहण कधी, भरती कधी, सगळं त्याला ठाऊक. राजेसुद्धा त्याला विचारून पाऊल टाकत. पण म्हाताऱ्याचा जीव एकाच कामात अडकलेला. प्रभू येशूचं शुभवर्तमान होतं लॅटिनमध्ये आणि बेटावरच्या कोळ्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. तो ते त्यांच्या बोलीत उतरवत होता.

मठाधिपती नाक मुरडत. "अहो बाबा, देव काय मासळीबाजाराच्या भाषेत बोलणार?"

"प्रभूचे पहिले शिष्य कोळीच होते, महाराज," म्हातारा म्हणे. "तो त्यांच्याशी लॅटिन बोलला असता, तर ते अजून जाळी विणत बसले असते."

मठाच्या दाराशी एक कोळीण यायची. तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे एकाच वादळात गेले होते. ती विचारी, "बाबा, प्रभूनं वादळाला गप्प केलं म्हणता. मग माझ्या वेळेला कुठं होता तो? काय लिहिलंय ते मला माझ्या कानांनी ऐकू द्या."

"ऐकवतो, बाय. एवढं पुरं होऊ दे."

पुस्तक पुरं झालं आणि म्हाताराही संपत आला. त्यानं मठाधिपतींचा हात धरला. "माझ्या थडग्यावर दगडही ठेवू नका. फक्त हे पुस्तक त्या बाईला वाचून दाखवा."

"शब्द दिला," मठाधिपती म्हणाले, आणि खरंच रडले.

म्हातारा गेला आणि चमत्कार सुरू झाले. थडग्याची माती लावली की लंगडे पळू लागत. जे लंगडे नव्हते तेही बरे होऊन जात. यात्रेकरूंची रीघ लागली. मठाधिपतींनी ठरवलं, आता संताचं चरित्र हवं. लॅटिनमध्ये, सोनेरी अक्षरांत.

पण लिहायचं कशावर? तेव्हा वासराच्या कातड्याची पानं करत आणि त्या वर्षी बेटावर वासरंच जन्मली नव्हती. अशा वेळी मठाची रीत ठरलेली. एखादं जुनं पुस्तक दुधानं धुवायचं, दगडानं खरवडायचं आणि कोऱ्या झालेल्या पानांवर नवं लिहायचं.

"कुठलं खरवडू?" लेखनिकानं विचारलं.

मठाधिपतींनी फळीवरून नजर फिरवली. सगळी लॅटिन, सगळी थोरामोठ्यांची. "ते बोलीतलं घे. कोळ्यांना वाचता कुठं येतं?"

"महाराज, तुम्ही शब्द दिला होतात..."

"अरे, मी त्याला अमर करतोय! याहून मोठा शब्द कुठला?"

चरित्र तयार झालं. मोठा सोहळा झाला. घंटा ऐकून कोळीण धावत आली. "बाबांचं पुस्तक ना हे? वाचा की!"

लेखनिकानं वाचलं. तिला एक अक्षर कळलं नाही. "म्हणजे काय हो?"

"लिहिलंय की, या थोर संतानं गोरगरिबांसाठी त्यांच्या बोलीत शुभवर्तमान लिहिलं."

"मग तेच वाचा ना!"

लेखनिकानं मान खाली घातली. "बाई, ते कुठून आणू? त्याच पानांवर तर हे लिहिलंय."

कोळीण त्या सोनेरी अक्षरांकडे बघत राहिली. मागं रांग खोळंबली होती.

"बाई, पाया पडा आणि पुढं सरका," कुणीतरी ओरडलं.

ती पाया पडली आणि पुढं सरकली.

तात्पर्य हवंच असेल तर घ्या: ज्याचं ऐकायचं नसतं, त्याला लोक संत करतात.