कुर्लीची मैत्रीण काजळीत गेली

समुद्राच्या काठी, ओल्या वाळूत, राहायची एक कुर्ली, म्हणजे खेकडी. एवढीशी. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी.

वाळूवर बाबल तांडेलाची बोट. बोटीच्या मागे धुराचा पाइप. पाइपाखाली स्टीलचा पत्रा. चक् चक् चकचकीत!

त्या पत्र्यात राहायची दुसरी कुर्ली. हिनं नांगी हलवली की तीही नांगी हलवायची. ही हसली की तीही हसायची. रोज सकाळी दोघींचा खेळ.

एक दिवस कुर्ली आली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

बघते तर काय! पत्रा काळाकुट्ट. इंजिन भकभक भकभक करून गेलं, सगळी काजळी पत्र्यावर बसली. मैत्रीण नाही. नांगी नाही. काही नाही.

कुर्ली म्हणाली, "पत्र्या पत्र्या, चकाक ना!"

पत्रा म्हणाला, "मी नाही चकाकत. फडकं पुसेल तर चकाकेन."

कुर्ली निघाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

दोरीवर फडकं. फड फड फड.

"फडक्या फडक्या, पूस ना!
पत्रा चकाकेना,
माझी मैत्रीण दिसेना!"

फडकं म्हणालं, "मी नाही पुसत. नुसतं पुसलं तर काजळी आणखी पसरेल. आंबट सोल भिजेल तर पुसेन."

कुर्ली निघाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

अंगणात सुपात सोलं. कोकमाची सालं ती. सुकून कडक, कड कड कड.

"सोला सोला, भीज ना!
फडकं पुसेना,
पत्रा चकाकेना,
माझी मैत्रीण दिसेना!"

सोल म्हणालं, "मी नाही भिजत. गोड्या पाण्याची घागर वाकेल तर भिजेन."

कुर्लीचे पाय दुखले. तरी निघाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

दारात घागर. डुब डुब डुब.

"घागरी घागरी, वाक ना!
सोल भिजेना,
फडकं पुसेना,
पत्रा चकाकेना,
माझी मैत्रीण दिसेना!"

घागर म्हणाली, "मी नाही वाकत. गुणाबाय उठेल तर वाकेन."

बघा बाळांनो, कारणं सांगायला सगळे हुशार. हलायला कुणी तयार नाही!

कुर्ली निघाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

पायरीवर गुणाबाय. बाबल तांडेलाची बायको. गाल फुगवून बसलेली.

"गुणाबाय गुणाबाय, ऊठ ना!
घागर वाकेना,
सोल भिजेना,
फडकं पुसेना,
पत्रा चकाकेना,
माझी मैत्रीण दिसेना!"

गुणाबाय म्हणाली, "मी नाय उठूचंय. मी सांगलंय, काजळी खाऱ्या पाण्यान धुव नको. तर तो बाबल माझ्यारच रागावलो! तो हसलो तर मी उठतलंय."

कुर्लीला रडू आलं. तरी निघाली. तुरु... तुरु... तिरकी. तुरु... तुरु... तिरकी.

बोटीपाशी बाबल. डोक्याला हात लावून बसलेला. समोर खाऱ्या पाण्याची बादली.

"बाबलदादा बाबलदादा, हस ना!
गुणाबाय उठेना,
घागर वाकेना,
सोल भिजेना,
फडकं पुसेना,
पत्रा चकाकेना,
माझी मैत्रीण दिसेना!"

बाबल म्हणाला, "कसो हसू गो? खाऱ्या पाण्यान धुतलंय, परत धुतलंय. पत्रो काळो तो काळोच! पत्रो चकाकलो तर मी हसतलंय."

पत्रा?

पत्रा तर फडक्यासाठी थांबलाय. फडकं सोलासाठी. सोल घागरीसाठी. घागर गुणाबायसाठी. गुणाबाय बाबलसाठी. आणि बाबल पत्र्यासाठी!

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

कुर्ली पत्र्यापाशी आली. काळा पत्रा. गप्प पत्रा. कुर्ली रडली. खूप खूप रडली. कुर्ली रडली की तोंडातून फेस येतो. बुड बुड बुड.

"मैत्रिणी, मी इथं आहे गं!" बुड बुड बुड.



मग कुर्लीनं नांगी उचलली. स्वतःचाच फेस लावला. एवढ्याशा नांगीनं पुसू लागली. खुस खुस खुस. काजळी निघेना. नांगी काळी झाली. पाय काळे झाले. पाठ काळी झाली. तरी पुसते. खुस खुस खुस.

बाबलनं मान वळवली. बघतो तर काळा काळा ठिपका, त्याला दोन डोळे, आणि तोंडाला फेस!

"अगे बाय माझे! तू पत्रो धुतंस की पत्रो तुका रंगवता?"

बाबल हसला. खो खो खो!

गुणाबाय उठली. लगबग लगबग!

घागर वाकली. भड भड भड!

सोल भिजलं. लाल लाल लाल!

फडकं बुडालं. डुबुक!

गुणाबाय म्हणाली, "ता खारा पाणी ठेव बाजूक. ह्या आंबट पाणी घे. आणि हळू पूस हां!"

बाबलनं फडकं घेतलं. हळू हळू, हळू हळू. फडक्यानं पुसलं. खस खस खस! काजळी सुटली. ओघळ ओघळ ओघळ! घागर पुन्हा वाकली. भड भड भड!

पत्रा चकाकला. लख्ख!

कुर्ली धावली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी!

पत्र्यात होती मैत्रीण. पण कशी? नांगी काळी. पाय काळे. पाठ काळी. तोंडाला फेस. बुड बुड बुड.

कुर्ली बघतच राहिली.

"अगं, तूसुद्धा? तूसुद्धा तिकडून पुसत होतीस?"

हिनं काळी नांगी पत्र्याला लावली.

तिनंही काळी नांगी पत्र्याला लावली.

टक्!