बकुळीचा कोपरा

तुम्ही कधी आपल्या घराच्या कोपऱ्याला विचारलंय का, "बाबा रे, तू खरंच काटकोनात आहेस का?" नाही ना? धोंडबा सुतारानेही कधी विचारलं नव्हतं. त्याचीच ही गोष्ट.

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात धोंडबा सुतार आणि तुळाजी गवंडी हे दोघे जिवाभावाचे मित्र राहत. तुळाजीने भिंत उभी करावी आणि धोंडबाने तिला दारं-खिडक्या बसवाव्यात, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. गावातलं एकही घर असं नव्हतं, ज्याला या दोघांचे हात लागले नव्हते.

त्या गावात एक रीत होती. सुताराने गवंड्याच्या भिंतीला माप लावायचं नाही आणि गवंड्याने सुताराच्या चौकटीला ओळंब्याची दोरी लावायची नाही. तसं करणं म्हणजे समोरच्याच्या कामावर संशय घेणं, त्याचा अपमान करणं, असं सगळे मानत. धोंडबा तर ही रीत फारच मनापासून पाळायचा.

त्याच्याकडे एक कोनपट्टी होती. त्याच्या गुरूंनी दिलेली. सागवानाच्या दोन पट्ट्या, एका टोकाला पितळी खिळ्याने जोडलेल्या. कोपऱ्यात धरली की कोपरा जेवढा असेल तेवढीच ती उघडायची, आणि खिळा आवळला की तशीच राहायची. पण मापायचंच नाही म्हटल्यावर तिचा उपयोग काय? सुतारणीने ती स्वयंपाकघराच्या भिंतीत खोचली होती आणि तिच्यावर लाल मिरच्यांची माळ टांगली होती.

"अहो, तुमच्या गुरूंना काय वाटेल हो?" ती कधी कधी चिडवायची.

"मिरच्या छान वाळतायत ना? मग झालं!" धोंडबा हसून म्हणायचा. "माझ्या तुळाजीची भिंत म्हणजे काटकोन. डोळे मिटून पट्टी कापावी."

एकदा गावाने ठरवलं, वाटसरूंसाठी एक पाहुणेघर बांधायचं. जागा ठरली ती जुन्या बकुळीजवळची. तुळाजीने भिंती उभ्या केल्या. धोंडबाने छताच्या कडेने चारी बाजूंनी लावायला लाकडी पट्ट्या तयार केल्या. त्यांवर त्याने एक वेल कोरली. पानं, कळ्या, मधूनच एखादी चिमणी. ती वेल सगळ्या खोलीभर न तुटता फिरणार होती.

आता पट्ट्या कोपऱ्यात जुळवायच्या, तर दोन्हींची टोकं तिरकी कापावी लागतात. कोपऱ्याचा निम्मा कोन एका पट्टीला, निम्मा दुसरीला. धोंडबाने नेहमीसारखा काटकोन धरला, त्याचा निम्मा काढला आणि सगळी टोकं घरीच कापून टाकली. गाणं म्हणत म्हणत.

पट्ट्या ठोकायला गेला तेव्हा दोन कोपरे झकास जुळले. तिसऱ्या कोपऱ्यात मात्र पट्ट्यांनी चिमणीच्या पिल्लासारखी चोच उघडली. चौथ्या कोपऱ्यात त्या भांडखोर जावांसारख्या एकमेकींना ढकलू लागल्या. धोंडबाने त्या पुन्हा पुन्हा दाबून पाहिल्या. तुळाजीला विचारावं? छे! त्याला काय वाटेल? मग त्याने एक सोपा उपाय केला. लाकडाचा भुसा डिंकात कालवला, फटीत दाबून भरला, वरून रंगाचा हात फिरवला. खालून पाहणाऱ्याला काही कळेना.

माणसांना कळलं नाही, पण मुंग्यांना कळलं.

पाहुणेघर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी सगळं गाव ते बघायला जमलं. पाटलांच्या घरून शिरा आला होता. बायका वेलीचं कौतुक करत होत्या. तेवढ्यात पाटलांची म्हातारी आई वर बघत म्हणाली, "अगंबाई, या वेलीला तर खऱ्या मुंग्या लागल्या!"

सगळ्यांनी माना वर केल्या. खरंच, काळ्या मुंग्यांची रांग भिंतीवरून चढून थेट कोपऱ्यातल्या डिंकापाशी पोचली होती. पाटील काठीने रांग झटकायला गेले, तर भुशाचा गोळा सुटला आणि टपकन त्यांच्याच शिऱ्यात पडला.

पोरं खदखदून हसली. म्हातारीने पदर तोंडाला लावला. पण पाटील हसले नाहीत. "धोंडबा, हे काय? फट बुजवलीस? उद्या पाहुणे येणार आणि आमच्या गावाच्या वेलीला भोकं?"

सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून धोंडबा गडबडला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी काय करू? भिंतच वाकडी आहे!"

तुळाजी दाराशी उभा होता. त्याने हातातली थापी हळूच खाली ठेवली.

"वाकडी असेल तर पाडतो," तो म्हणाला. "कोपरा काटकोनात आणून देतो. बाहेरची बकुळ मात्र तोडावी लागेल."

एवढं बोलून तो पहार आणायला गेला. धोंडबाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

धोंडबा घरी आला. सुतारणीने भाकरी वाढली, पण त्याने ताट बाजूला सारलं. त्याने घडलेलं सगळं सांगितलं. सांगताना फट बुजवल्याचं थोडक्यात आणि भिंतीच्या वाकडेपणाचं लांबलचक सांगितलं.

"किती वाकडी आहे हो?" सुतारणीने विचारलं.

"किती म्हणजे?"

"म्हणजे मापली का तुम्ही?"

"अगं, मित्राची भिंत मापायची? त्याचा अपमान नाही का होणार?"

सुतारीण कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "वा! न मापता विश्वास ठेवलात आणि न मापताच दोषही दिलात. सगळ्या गावासमोर वाकडी म्हणालात, तेव्हा बरा अपमान झाला नाही!"

धोंडबाची नजर भिंतीकडे गेली. मिरच्यांच्या माळेमागून पितळी खिळा चमकत होता. तो उठला, माळ काढून बायकोच्या हातात दिली आणि कोनपट्टी घेऊन पळत सुटला. "अहो, ती पुसा तरी! डोळ्यांना हात लावाल आणि रडत बसाल!" सुतारीण मागून ओरडली.

तुळाजी पाहुणेघराच्या कोपऱ्याशी पहार घेऊन उभा होता. अजून एकही घाव घातला नव्हता. जणू कुणाची तरी वाट बघत होता.

"तुळाजी, थांब," धोंडबा धापा टाकत म्हणाला. "मला तुझा कोपरा मापू दे."

तुळाजीने पहार भिंतीला टेकवली. "आता मापतोस होय?"

"आधी मापायला हवा होता. मी भिंतीकडे न बघताच पट्ट्या कापल्या. चूक माझी होती आणि नाव तुझं घेतलं."

धोंडबाने आत जाऊन तिसऱ्या कोपऱ्यात कोनपट्टी धरली. ती काटकोनापेक्षा जरा जास्तच उघडली. चौथ्या कोपऱ्यात तेवढीच कमी. धोंडबा विचारात पडला. एवढं नेमकं? चुकून वाकडी झालेली भिंत अशी सरळ रेषेत वाकडी होत नाही.

"तुळाजी, ही भिंत तू मुद्दाम अशी फिरवलीस का रे?"

तुळाजीने त्याला बाहेर नेलं. भिंतीच्या टोकाला लागूनच जुनी बकुळ उभी होती. भिंत सरळ नेली असती, तर ती नेमकी तिच्या बुंध्यातून गेली असती.

"तिच्यासाठी भिंत थोडी आत घेतली," तुळाजी म्हणाला. "वाटसरू दमून आला की त्याला वास यावा. मला वाटलं होतं, तू येशील, कोपऱ्याला हात लावशील, विचारशील की हा असा का? मग मी ऐटीत सांगेन. पण तू बघितलंच नाहीस. मीही रुसून बसलो. मीच आपणहून सांगायला हवं होतं."

"मला वाटलं, विचारलं तर तुला राग येईल."

"अरे वेड्या, न विचारल्याचा राग आला!"

दोघेही हसू लागले. हसता हसता धोंडबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं मैत्रीचं होतं आणि बाकीचं मिरच्यांचं, कारण कोनपट्टी पुसायला तो विसरलाच होता.

मग दोघे कामाला लागले. धोंडबाने कोनपट्टी जाड कागदावर ठेवून कोन आखला. आता त्याचा निम्मा कसा काढायचा? तेवढ्यात मागोमाग आलेली सुतारीण म्हणाली, "त्यात काय! पोळीची घालतो तशी घडी घाला." धोंडबाने आखलेल्या दोन्ही रेघा एकमेकींवर आणून कागद दुमडला. मधोमध पडलेली घडी हाच निम्मा कोन! तो त्याने आधी टाकाऊ लाकडावर उतरवला, कापून पाहिला, कोपऱ्यात धरून पाहिला. दुसऱ्या वाकड्या कोपऱ्याचंही तसंच केलं. मग वेल कोरून जादा राखून ठेवलेल्या पट्ट्या काढल्या आणि करवत चालवली. जिथं वेल जुळेना, तिथं एक पान नव्यानं कोरलं.

दिवस मावळायच्या आत वेल चारही कोपऱ्यांतून वळून पुन्हा पहिल्या पानाला येऊन मिळाली. पाटलांनी काठीने टोकून पाहिलं. शिऱ्याची वाटी मात्र आधी बाजूला ठेवली. काही पडलं नाही. धोंडबाने सगळ्यांसमोर सांगितलं, "भिंत वाकडी नव्हती. माझी समजूत वाकडी होती." म्हातारीने दोघांच्याही हातात ओंजळभर बकुळीची फुलं दिली.

तात्पर्य एवढंच, मुलांनो: मापून पाहणं, विचारून घेणं म्हणजे संशय घेणं नव्हे. ज्याच्यावर माया असते, त्याचं काम आणि त्याचं मन आपण अंदाजाने धरू नये. जसं आहे तसं नीट बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणेघरात पहिला वाटसरू उतरला, आणि धोंडबाने घरी स्वयंपाकघराच्या भिंतीत मिरच्यांच्या माळेसाठी एक नवी खुंटी ठोकली.