सर्पमित्रांच्या पानांचा साचा

एकदा एका तालुक्याच्या गावी सर्पमित्र मंडळाचे एक साधे संकेतस्थळ होते. प्रत्येक गावासाठी एक पान. सर्पदंशावरचे इंजेक्शन कोणत्या आरोग्य केंद्रात मिळेल, रस्ता कोणता, आणि खाली मंडळाचा फोन नंबर. ही पाने सांभाळण्याचे काम शर्वाणी नावाची तरुणी एका वृद्ध संगणक शिक्षकांच्या हाताखाली शिकत होती.

मंडळाचा नंबर बदलला तेव्हा ती म्हणाली, "सर, तयार सॉफ्टवेअर मिळते. एका जागी बदल केला की सगळ्या पानांवर होतो. ते घेऊ या का?"

"नंतर बघू. या खेपेला प्रत्येक पान उघड आणि हाताने बदल."

एवढा जाणता माणूस आपल्याकडून हमाली का करून घेतो, या विचाराने शर्वाणी मनातून चिडली. तरी तिने त्यांचा शब्द मोडला नाही. पाने उघडता उघडता तिच्या ध्यानात आले, की माथा सर्वत्र तोच, तळही तोच. बदलते ते केवळ गावाचे नाव, केंद्र आणि रस्ता. डोंगरापलीकडच्या एका वाडीच्या पानावर मात्र तिचा हात थबकला. तिथे शेजारच्या गावाच्या पानाची नक्कल करताना त्याच गावाचे, डोंगराअलीकडचे केंद्र राहून गेले होते. दंश झालेला कुणी त्यावर विसंबून निघाला असता तर?

चूक सुधारून तिने स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला. सर्व पानांचा एक साचा, त्यात रिकाम्या जागा, आणि गावांची माहिती वेगळ्या फाइलीत. एखाद्या गावाची जागा भरायची राहिली, किंवा दोन गावांची माहिती शब्दशः सारखी निघाली, की प्रोग्राम थांबे आणि त्या गावाचे नाव दाखवी.

"सर, हे सारे तुम्हांला ठाऊक होते. मग मला का राबवलेत?"

सर म्हणाले, "पोरी, तयार साधनाने नंबर चटकन बदलला असता, आणि ती चूकही तितक्याच चटकन पुढे गेली असती. स्थिर काय आणि बदलते काय, हे पानापानावरून हात फिरल्यावरच उमगते. तुला ते उमगले, म्हणून कुठे थांबायचे हे तू यंत्राला सांगू शकलीस."

भातलावणीच्या दिवसांत एका केंद्रातला इंजेक्शनांचा साठा संपल्याचा निरोप आला. शर्वाणीने त्या केंद्राऐवजी दुसऱ्याचे नाव आणि तिथला रस्ता घातला आणि पाने लगेच नव्याने तयार केली. संध्याकाळी कळले, की ते पान पाहून एका बाईने दंश झालेल्या नवऱ्याला थेट दुसऱ्या केंद्रात नेले, तो वाचला.

शर्वाणी तशीच सरांच्या घरी गेली आणि त्यांच्या पाया पडली.

"बस. चहा टाकतो," ते म्हणाले.

"तुम्ही बसा सर, मी टाकते," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.