रोक्कास्कूराची हद्द

इटलीत मोलिझे नावाचा एक प्रांत आहे. इतका लहान, की उरलेली इटली थट्टेने म्हणते, तो नाहीच. तिथल्या डोंगरउतारावरच्या रोक्कास्कूरा गावाची कचेरी गावाच्या अगदी खालच्या टोकाला होती. तिथे दोनातो नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगितलं तेवढं करायचा. सरपंच एर्कोले एक्याऐंशी वर्षांचे. ते नेहमी अर्धंच सांगायचे.

"सरपंचसाहेब, त्याला पुरतं सांगा ना," कारकून लोरेदाना म्हणायची.

"आमच्या काळी अर्ध्या शब्दात कळायचं, पोरी."

सोमवारी सरपंच म्हणाले, "दोनातो, पोस्टात सरकारी पत्र आलंय का बघ."

दोनातो बघून आला. "आलंय."

"मग कुठंय?"

"पोस्टात."

"ठोंब्या! नुसतं बघून येतात का? उचलून आणायचं!"

"बरं."

पत्रात लिहिलं होतं: गुरुवारी मोजणी अधिकारी येतील. गावाने आपली हद्द दाखवावी. नाही दाखवली, तर गाव खालच्या काल्वेरीनात विलीन होईल. काल्वेरीनाशी रोक्कास्कूरा शंभर वर्षं बोलत नव्हतं. सरपंचांना दोन घास जाईनात.

मंगळवारी चौकात आरडाओरडा झाला. सरपंच म्हणाले, "कोण आहे बघ रे."

दोनातो पाद्रीबाबांना खांद्यावर टाकून घेऊन आला.

"अरे, खाली ठेव त्यांना! आधी विचारायचं, येता का? नाही म्हणाले तर सोडून द्यायचं!"

"बरं."

बुधवारी दप्तराच्या खोलीत बकरी शिरली. "बघ रे तिच्याकडे!"

दोनातोने अदबीने विचारलं, "बाहेर येता का?" बकरी काही बोलली नाही. तोंडात गावाचा नकाशा होता. दोनातोने तिला सोडून दिलं. तिने नकाशा संपवला.

"जनावराला विचारतोस? कान धरून फरफटत आणायचं!"

"बरं."

गुरुवारी अधिकारी आले. "नकाशा?"

"बकरीने खाल्ला," लोरेदाना म्हणाली.

"मग हद्दीचा दगड दाखवा. कायद्याने दगड जिथे, तिथे हद्द. त्याच्या वरचं सगळं शेजारच्या आब्रुत्सो प्रांताचं."

सरपंचांचा जीव भांड्यात पडला. दगड पार वर, डोंगराच्या माथ्यावर होता. "दोनातो, दगड जागेवर आहे का बघून ये."

"सरपंचसाहेब, पुरतं सांगा," लोरेदाना म्हणाली.

"तू गप. शिकलाय तो आता."

शिकलाच होता. नुसतं बघून यायचं नाही. विचारायचं नाही. फरफटत आणायचं. दगडाला कान नव्हते, म्हणून दोर बांधला आणि दोन खेचरं जुंपली. दुपारी कचेरीच्या फरशीवर, सरपंचांची खुर्ची आणि टेबल यांच्या मधे, टेबलाला टेकून दगड उभा राहिला.

"साहेब, जागेवरच होता," दोनातो घाम पुसत म्हणाला.

अधिकाऱ्यांनी चष्मा लावला. दगडावरचा शिक्का तपासला. खरा होता. मग त्यांनी फीत काढली आणि दगडापासून मोजायला घेतलं. चर्च आब्रुत्सोत गेलं, झरा गेला, चौतीस घरं गेली. एक टेबल राहिलं.

सरपंच खुर्चीतूनच ओरडले, "अहो साहेब, काहीतरी करा!"

"करतो. पण तुम्ही आधी टेबलाच्या अलीकडे या," अधिकारी म्हणाले. "खुर्ची आब्रुत्सोत आहे. तिथे माझा अधिकार चालत नाही."