कवडशातला विळा

“मग माझ्या नातीचा ओठ कुणी कापला? ते सांगा आधी!”

अनुसया उभ्याउभ्याच बोलली. पाया पडायचंही राहिलं.

केवळामाय लिंबाखाली बोरं निवडत बसली होती. नदीकाठच्या महादेवापाशी राहणारी म्हातारी बैरागीण. गावातल्या बायका तिला गुरू मानायच्या. तिनं कधी कुणाला मंत्र दिला नाही. विचारलं तर बोलायची, नाहीतर गप्प.

अनुसया तिची सगळ्यात जुनी शिष्या. आणि सगळ्यात ताठ. एकादशी मोडली नाही, सोमवार मोडला नाही, आणि हे ती रोज कुणाला तरी ऐकवायची.

बरोबर नात होती, धनू. दुसरीत शिकणारी. ग्रहणानं काही होत नसतं, असं वाटभर आजीला ऐकवत आलेली. वरच्या ओठावर टाक्यांची बारीक रेघ. जन्मली तेव्हा ओठ मधोमध दुभंगलेला. मोठ्या दवाखान्यात नेऊन शिवून आणला. आता वर्गात सगळ्यात मोठ्यानं कविता तीच म्हणते. पण गाव अजून तिला ‘गिराणाची’, म्हणजे ग्रहणानं बाधलेली, म्हणतं. तिच्या आईला काय म्हणतं ते लिहायच्या लायकीचं नाही.

केवळामायनं बोरं पुढं केली. “खा.”

“आज कसली खाते? गिराण हाय.”

“लागलं का?”

“लागंल आता. तुम्ही मला अंगारा द्या. सुनेच्या कपाळाला लावते. आठवा चालू हाय तिला. मागल्या बारीला पोटुशी असताना गिराणात विळा हातात घेतला, आन् या पोरीचा ओठ कापला गेला. सारं गाव म्हणतं. आता परत तसं होऊ देणार न्हाई मी.”

“सून कुठाय?”

“आतल्या खोलीत निजवलीय. सरळ. दार लावलं, खिडकीला गोधडी बांधली. हालायचं न्हाई, खाजवायचं न्हाई, पाणी प्यायचं न्हाई. सुटेपर्यंत.”

“आई पाणी मागत होती,” धनू म्हणाली. “डोळ्यापुढं काजवे येतेत म्हणली.”

“तू गप गं!”

केवळामायचा हात बोरांवर थांबला.

…

“अनुसया, गिराण म्हणजे काय?”

“आता काय सांगू! तुम्हाला ठावं न्हाई व्हय? राहू गिळतो सूर्याला.”

“ग्रहण म्हण, आजी,” धनू म्हणाली. “आन् राहू-बिहू काही नसतं. चंद्र मधी येतो. आमच्या बाईंनी सांगितलं. पण माय, चंद्र तर सूर्याहून लई बारका. मग एवढ्याशानं एवढा मोठा सूर्य झाकतो कसा? मी विचारलं तर बाई म्हणल्या, पुढचा धडा काढा.”

मायनं एक बोर तिच्या हातावर ठेवलं.

“एक डोळा मीट. बोर दुसऱ्या डोळ्यापुढं धर. अजून जवळ… अजून. आता आजीच्या तोंडाकडं बघ.”

धनू बघत राहिली. मग ओरडली.

“आजीचं तोंडच न्हाई!”

“कुठं गेलं?”

“बोरानं गिळलं!”

“हितं हाय की माझं तोंड, भवाने!” अनुसया म्हणाली.

“ते ऐकू येतंय,” माय म्हणाली. “धने, बोर मोठं झालं का आजी बारीक झाली?”

धनूनं बोर पुढं नेलं, मागं आणलं. आजी दिसली, आजी गेली.

“कुणीच काही झालं न्हाई. बोर जवळ हाय. आजी लांब हाय.”

“झालं. चंद्र आपल्याजवळ. सूर्य लई लई लांब. चंद्र बरोबर मधी आला की त्याची सावली आपल्यावर पडते आन् आपल्याला सूर्य दिसत न्हाई. कधी सगळा जातो, कधी अर्धाच. तिकडं सूर्य हाय तसाच असतो. त्याला तर पत्ताबी नसतो.”

“मधी कधी येतो?”

“अवसेला.”

“मग दर अवसेला ग्रहण का न्हाई?”

अनुसयेनं कपाळावर हात मारला. “ही पोरगी मला वेड लावील. माय, वेळ जातोय! अंगारा!”

केवळामायनं ऐकलंच नाही असं केलं. बोर घेतलं आणि धनूच्या डोक्याभोवती हळूच फिरवलं. एका बाजूनं वर गेलं, दुसऱ्या बाजूनं खाली आलं.

“चंद्राची वाट जरा तिरकी हाय. बहुतेक अवसेला तो सूर्याच्या वरनं निघून जातो, न्हाईतर खालनं. बरोबर समोरनं गेला तरच झाकतो.”

“आन् पुनवेला चंद्राला ग्रहण लागतं ते? त्याला कोण गिळतं?”

“आपण.”

“आपण?”

“तू, मी, तुझी आजी, तुझ्या आजीची म्हैस. पुनवेला सूर्य एका अंगाला, चंद्र दुसऱ्या अंगाला, मधी आपली धरती. धरतीची सावली मागं पडते. चंद्र त्या सावलीत शिरला की काळवंडतो. बाहेर निघाला की झाला मोकळा.”

“मी न्हाई बाई गिळत कुणाला,” अनुसया म्हणाली. “मी उपाशी असते त्या दिवशी.”

धनू हसली. हसली की ती रेघ ताणली जायची. अनुसयेनं तोंड फिरवलं.

मायला ते दिसलं.

…

“ते समदं पोरीला शिकवा,” अनुसया म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला होता. “मला शिकून काय करायचंय? माझी सून खोलीत पडलीय. लेकरू नीट निपजू दे, एवढंच माझं म्हणणं. अंगारा द्या, मी जाते.”

“मीच येऊन लावते. चल.”

“तुम्ही? गिराणात बाहेर?”

“तू न्हाई का आलीस?”

तिघी निघाल्या.

वाटेत उजेड बदलला. ढग नव्हते, तरी ऊन फिकं पडलं. कुणी पातळ धोतर आडवं धरावं तसं. गावातली दारं बंद होती. कोंबड्या तेवढ्या गोंधळून उकिरड्यावर उभ्या.

धनूनं मान वर केली. मायनं पटकन तिच्या डोळ्यांवर हात ठेवला.

“तिकडं बघायचं न्हाई.”

“बघा!” अनुसया म्हणाली. “म्हणजे तुम्हीबी मानता की!”

“हे मानते. सूर्याकडं उघड्या डोळ्यानं बघितलं तर डोळे जातात. आज बघ, न्हाईतर बिनगिराणाचं बघ. रोज लखलखाट असतो म्हणून आपोआप डोळे मिटतात. आज उजेड कमी, म्हणून माणूस टक लावून बसतं. खरं हाय तेवढं पाळ, अनुसया. लई राहतं त्यातबी.”

…

खोलीचं दार केवळामायनं ढकललं.

आत अंधार. कोंदट हवा. सून, दैवशाला, वाकळेवर उताणी पडली होती. हात दोन्हीकडं सरळ, पाय सरळ. ओठ कोरडे पडून पांढरे. कोण आलं ते बघायलाही तिनं मान हलवली नाही. इतकी भ्यायलेली.

वरचे पत्रे जुने. पडलेल्या गोठ्यावरचे काढून इथं टाकलेले. त्यांना जागोजाग खिळ्यांची भोकं. एरवी त्या भोकांतून गोल गोल कवडसे खाली पडायचे. धनू त्यांना पापड म्हणायची.

आज ती दारातच थबकली.

“आजी… विळे!”

भिंतीवर विळा. जमिनीवर विळे. पाण्याच्या माठावर एक. उजेडाचे, बारीक, टोकदार. आणि एक, सगळ्यात ठसठशीत, दैवशालाच्या पोटावर.

अनुसया किंचाळली. कोपऱ्यातलं पोतं उचललं, सुनेच्या अंगावर टाकायला धावली.

मायनं तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“थांब.”

“पोटावर, माय! बरोबर पोटावर! मी सगळं बंद केलं होतं… दार लावलं, खिडकी लावली…”

“म्हणून तर दिसलं. तू अंधार केलास. बाहेर उन्हात हे कुणाला दिसलं असतं?”

अनुसयेला ते कळलं नाही. पोतं तिनं तसंच घट्ट धरलं होतं.

माय खाली बसली. दैवशालाच्या पोटावर आपला हात आडवा धरला. विळा आता हातावर पडला. सुरकुत्यांवर, शिरांवर. तिनं मूठ मिटली, उघडली. विळा तिथंच.

“धने, रोज इथं काय पडतं?”

“गोल पडतात. पापडासारखे.”

“वर भोकं गोल हायेत का?”

धनूनं वर बघितलं. “न्हाई. वाकडी हायेत. एक तर फाटलेलं हाय.”

“वाकड्या भोकातनं गोल कवडसा कसा पडतो?”

धनूनं एकदा वरच्या भोकाकडं बघितलं, एकदा खालच्या विळ्याकडं.

…

“सूर्य गोल हाय!” धनू एकदम म्हणाली. “तो भोकाचा आकार न्हाई. सूर्याचा हाय! आज चंद्रानं सूर्य झाकलाय, थोडाच उरलाय… म्हणून विळा!”

“दे टाळी.”

दोघींनी टाळी दिली. टाळीवरही विळा पडला.

“अनुसया, इकडं ये. हात घाल यात.”

“मी न्हाई!”

“बरं.”

मायनं आग्रह केला नाही. पण धनू केव्हाच वाकली होती. भिंतीजवळच्या कवडशात तिनं तोंड नेलं.

“डोळे मीट आधी,” माय म्हणाली.

धनूनं डोळे मिटले, हनुवटी वर केली, इकडंतिकडं हलली. विळा गालावर आला, नाकावर चढला, घसरला… आणि बरोबर टाक्यांच्या रेघेवर येऊन बसला.

अनुसयेनं तोंडावर पदर दाबला.

“काहीच होत न्हाई गं आजी,” धनू म्हणाली. “गुदगुल्याबी न्हाई.”

…

“मला पाणी द्या.”

दैवशाला बोलली. छताकडं बघत.

कुणी हललं नाही.

“आन् दुसरं एक. मागल्या बारीला आपली शेळी ओरडत होती. तिला घास नव्हता. विळा माझ्या हातात तुम्हीच दिला होता, आत्याबाई.”

खोलीत कवडसे तेवढे हळूहळू सरकत होते.

अनुसयेनं हातातलं पोतं खाली ठेवलं.

“मला कुठं ठावं होतं त्या दिवशी गिराण हाय म्हणून…”

“मलाबी न्हवतं,” दैवशाला म्हणाली.

सात-आठ वर्षं या घरात जे बोललं गेलं नव्हतं ते एवढंच होतं. मायनं दोघींकडं बघितलं नाही. ओच्यातली बोरं चाचपत बसली.

अनुसया तशीच उभी होती. मग माठाकडं गेली. माठावर दर्भाची काडी ठेवली होती, पाणी बाटू नये म्हणून. तरी ते पाणी ती नंतर ओतूनच देणार होती. तिनं काडी उचलली. कुठं ठेवावी ते कळेना, म्हणून केसात खोवली.

तांब्या भरला.

परत येताना कवडसा वाटेत होता. विळा तिच्या मनगटावर पडला, बांगड्यांवर चमकला. अनुसया थांबली. मनगटाकडं बघत राहिली. तांब्यातलं पाणी हिंदकळून पायावर सांडलं.

मग ती पुढं झाली. सुनेच्या मानेखाली हात घातला. “ऊठ बाई. हळू. घोट घोट घे.”

दैवशालानं तांब्या रिकामा केला. आणखी मागितलं. अनुसयेनं आणखी दिलं.

“हललं!” दैवशालानं धनूचा हात ओढून पोटावर ठेवला. “बघ. पाणी पोचलं त्याला.”

“लाथ मारली मला!” धनू म्हणाली. “आजी, हे तुझ्यावर गेलंय!”

अनुसया हसली. हसताहसता डोळे पुसले. केसातली काडी गळून पडली, ती कुणी उचलली नाही.

“आजी, विळा बघ. जाड झाला. चंद्र चालला वाटतं.”

खरंच जाड झाला होता. खिडकीवरची गोधडी अनुसयेनं स्वतः सोडली. उजेड आत आला तसे कवडसे फिके पडले.

केवळामाय उठली. गुडघे दाबत दारापर्यंत गेली.

“अंगारा राहिला की, माय,” दैवशाला म्हणाली.

“बोरं ठेवलीत. मीठ लावून खा.”

अनुसया तिच्यामागं उंबऱ्याशी आली. या वेळी पाया पडली. पण प्रश्न तिनं सोडला नव्हता. मघाशी ओरडून विचारलेला तोच, आता सुनेला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू विचारला.

“माय… मग त्या बारीला पोरीचा ओठ कुणी कापला?”

केवळामायनं वळून आत बघितलं. आत मायलेकी एकाच बोरासाठी भांडत होत्या.

“कुणी कापलाच नव्हता, अनुसया… पोटातच जोडायचा राहिला होता.”