विश्वंभरची शांती

“पण माई, तिचं मन शांत व्हावं म्हणून मी काय करू?”

विश्वंभर चौगुले विचारत होता ते आपल्या बायकोबद्दल.

टेकडीवरच्या त्या लहानशा मठात गोदामाईंपुढे तो बरीच वर्षं येऊन बसत होता. पहाटेचं ध्यान त्यानं कधी चुकवलं नव्हतं. कुणी काहीही बोललं तरी त्याचा आवाज चढत नसे, आणि या गोष्टीचा त्याला मनातून अभिमान होता. माईंना तो अभिमान दिसे. त्या तसं बोलून दाखवत नसत.

त्या दिवशी त्याची पाच वर्षांची लेक, केतकी, बरोबर होती.

केतकीला सगळं कळे, पण शब्द फुटत नसत. वर्गात इतरांबरोबर बसवलं की ती भेदरून भिंतीकडे तोंड करी. अशा मुलांना शिकवायचं खास शिक्षण घेतलेल्या बाई आठवड्यातून दोनदा जरी शाळेत आल्या तरी पोर पुढं जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शाळा म्हणाली, आमच्याकडे तशी सोय नाही. वर्षभर घरी ठेवा, मग बघू.

विश्वंभरनं ते ऐकून घेतलं. त्याच्या बायकोनं, शर्मिलानं, घेतलं नाही. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात ती सारखी जाऊन बसे, साहेबांना गाठे, पोरीचा हक्क आहे म्हणून भांडे, आणि घरी येऊन चुलीपुढं रडे.

“मी तिला सांगतो, आहे ते स्वीकार. मी स्वीकारलं.”

“तू स्वीकारलंस,” माई म्हणाल्या. “आणि केतकीनं?”

“ती लहान आहे, माई.”

तेवढ्यात केतकी अंगणातून आली. बापाची बाही ओढू लागली. “अं... अं...” एवढंच.

विश्वंभरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलणं पुढं चालू ठेवलं. क्रोध हाच मोठा शत्रू कसा, हे तो सांगत होता. पोरीनं पुन्हा बाही ओढली. त्यानं पाण्याचं भांडं पुढं केलं, तिनं ते लोटून दिलं. मग ती त्याच्या मांडीवर थापट्या मारू लागली. त्यानं तिला हळूच बाजूला केलं.

केतकी थोडा वेळ उभी राहिली. मग खांबाला टेकून खाली बसली आणि गप्प झाली.

“अशीच आहे ती,” विश्वंभर म्हणाला. “लक्ष दिलं नाही की आपोआप शांत होते.”



माई उठल्या. गुडघे धरत पोरीजवळ जाऊन बसल्या. तिच्या तोंडाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, उजवं पाऊल उचलून आपल्या मांडीवर घेतलं. टाचेत गोखरूचा काटा रुतला होता. भोवती लाल झालं होतं.

माईंनी तो नखांनी अलगद काढला. पोरीनं हूं की चूं केलं नाही.

त्यांनी तो काटा विश्वंभरच्या तळहातावर ठेवला. त्याची बोटं एकेक करून मिटवली आणि मूठ दोन्ही हातांनी घट्ट दाबली.

“आता ध्यानाला बस,” त्या म्हणाल्या.

त्यानं डोळे मिटले. थोड्याच वेळात ते उघडले. माई आत निघून गेल्या होत्या.

टेकडी उतरताना त्यानं केतकीला कडेवर घेतलं. घरी आल्यावर शर्मिलाला एवढंच म्हणाला, उद्या मीही येतो.

कार्यालयातले साहेब सज्जन होते. त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. माणसं कमी आहेत, पुढच्या वर्षी नक्की बघू, असं समजावलं. मग बापाच्या कडेवरच्या केतकीकडे पाहून कौतुकानं म्हणाले, “तशी शांत आहे हो मुलगी. कुणाला त्रास नाही तिचा.”

त्यानंतर विश्वंभर जे बोलला ते बाहेरच्या व्हरांड्यातल्या लोकांनीही ऐकलं. चहा तसाच राहिला. दोघं नवराबायको तिथून हलली नाहीत. त्या दिवशी काही झालं नाही, पण ती दोघं परत गेली, आणि पुन्हा गेली. आधी मुदत मागितली गेली, मग आश्वासन मिळालं, आणि शेवटी शेजारच्या केंद्रावरच्या विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनदा शाळेत येऊ लागल्या. केतकी अजून बोलत नव्हती. पण त्या बाई आल्या की भिंतीकडचं तोंड फिरवू लागली होती.

हे सगळं झाल्यावर विश्वंभर मठात आला. पोरीचं सांगून झालं तरी तो मान खाली घालून बसून राहिला.

“काय रे?”

“माई, मी त्या कार्यालयात ओरडलो... इतक्या वर्षांची साधना एका क्षणात गेली.”

“केतकी कुठं होती तेव्हा?”

“माझ्या कडेवर.”

“घाबरली?”

विश्वंभरनं आठवून पाहिलं. “नाही... माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.”

माई म्हणाल्या,

“तिनं तुझा आवाज पहिल्यांदाच ऐकला असेल.”