न उडणारा फ्यूज

“काम तर झालं, वस्ताद. मग झोप का लागत न्हाई?”

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. ओसरीवर पाय पसरून ते टेबलफॅनची कॉइल भरत होते. उजव्या हातानं धरायचं आणि डाव्यानं गुंडाळायचं, अशी त्यांची सगळी रीतच उलटी. गडहिंग्लजच्या अर्ध्या घरांत पहिला दिवा त्यांनी लावलेला. आता अठ्ठ्याहत्तरीत शिडी सुटली होती, पक्कड सुटली नव्हती.

सर्जेराव पोवार तसाच उभा राहिला. याच ओसरीवर त्यानं सहा वर्षं काढली होती. डावखुऱ्या माणसाकडून शिकायचं म्हणजे प्रत्येक पीळ मनात उलटा करून घ्यायचा. ते करता करता आपण वस्तादांच्याही एक पाऊल पुढं गेलो, असं त्याला वाटू लागलं होतं. आता स्वतःचं दुकान होतं, परवाना होता, पाटीवर नाव होतं. आणि चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“कुणाचं काम?”

“शिराळकर मास्तरांचं.”

वस्तादांचा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

“सांग.”

सांगण्यासारखं फार नव्हतं. ड्रॉइंगचे शिराळकर मास्तर फुप्फुसाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते. उशाशी ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालायचं. त्याच जुन्या लाईनवर फ्रीज, आणि सकाळी गिझर. गिझर लावला की फ्यूज उडायचा, मशीन बंद पडायचं, आणि मास्तरांचे ओठ निळे पडायचे.

“चार वेळा फ्यूज बांधला, वस्ताद. पाचव्या वेळेला मालतीबाई रडल्या. म्हणाल्या, न उडणारा बांध.”

“मग?”

“बांधला.”

“कशानं?”

सर्जेरावनं रस्त्याकडं बघितलं.

“तांब्याच्या पाच तारा पिळून.”

वस्ताद कॉइलचे वेढे मोजत राहिले...

“चार दिवसांत एकदा बी उडाला न्हाई,” सर्जेराव म्हणाला. एवढं होऊनही त्याच्या आवाजात थोडी ऐट होतीच.

“मग बेस झालं की.”

खरं तर तो शिव्या खायला आला होता. दोन शिव्या बसल्या असत्या तर घरी जाऊन निवांत पडता आलं असतं. माणूस गुरूकडं पुष्कळदा एवढ्यासाठीच जातो.

“वस्ताद, काय तरी बोला.”

“माझी चप्पल दे हिकडं.”

भर दुपारी दोघं निघाले. वस्ताद स्कूटरवर मागं बसले.

मास्तरांच्या पत्नी मालतीबाईंनी दार उघडलं. चार महिन्यांच्या जागरणानं बाईंचा चेहरा पार उतरला होता.

“दस्तगीरभाई, तुम्ही? या. बघा, सर्जेरावनं पुण्य कमावलं हो. याच्या आधी तीन वायरमन झाले. गावात नवीन आला की मी बोलवायची. एक तर म्हणाला, घरातली सगळी वायर काढावी लागेल. यांना असं झोपवून ठेवून घर उकलायचं का? त्याला चहासुद्धा न विचारता घालवला मी.”

लोकांचं हे असंच असतं. डॉक्टर कडू औषध देतो म्हणून त्याला कुणी हाकलत नाही, पण वायरमन मात्र गोड बोलणाराच हवा.

आतल्या खोलीत मशीन सुस्कारे टाकत होतं. मास्तरांनी डोळ्यांनीच ‘बसा’ म्हटलं. त्यांच्या उशाच्या वर, भिंतीवरून लाकडी पट्टी गेली होती. जुन्या घरांत वायर अशाच पोकळ पट्टीतून नेलेली असते.

वस्तादांनी पट्टीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

“हात लाव.”

सर्जेरावनं हात लावला. ताप भरलेल्या लेकराच्या कपाळासारखी पट्टी तापली होती.

“चार दिवसांत लावला हुतास?”

सर्जेराव चार दिवस फ्यूजकडं बघत होता, आणि तापत होती वायर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

“बाई,” वस्ताद म्हणाले, “सिलिंडर हाय का घरात?”

“आहे. लाईट गेली तर असावा म्हणून. दोन तास पुरतो, पण लावेपर्यंत यांचे ओठ निळे पडतात.”

“मास्तरांना त्यावर घ्या. लाईट बंद करायची हाय.”

मालतीबाई ताडकन् उठल्या आणि बोर्डासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“बोर्डाला हात लावायचा नाही. मी सांगते ना, आता उडत नाही तो. चार दिवस झाले, मी जरा पाठ टेकतेय. माझ्यात आता... नाही हो राहिली ताकद.”

त्यांचं खोटं नव्हतं. सर्जेरावलाही वाटलं, राहू दे, उद्या बघू. त्याचंही अंग आंबून गेलं होतं.

वस्तादांनी वाद घातला नाही. फक्त पट्टीकडं बोट केलं.

बाई आल्या. पट्टीवर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

“दोन दिवस वास येतोय,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटलं, औषधांचा...”

आणि सिलिंडर आणायला गेल्या.

मास्तरांच्या नाकाशी नवी नळी बसली. सर्जेरावनं मेन स्विच पाडला आणि चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला. वस्तादांनी तो हातात घेतला. पाच तारांचा पीळ उजेडाकडं धरून बघितला आणि सर्जेरावच्या शर्टाच्या खिशात टाकला.

ती त्यांची जुनी शिस्त होती. भिंतीला हात घालायच्या आधी फ्यूज काम करणाऱ्याच्या खिशात जायचा, म्हणजे दुसरं कुणी चुकून तो बसवायला नको. आजवर सर्जेराव तो स्वतः टाकायचा.

“दोन तास,” वस्ताद म्हणाले.

सर्जेराव कामाला लागला. बोर्डापासून मास्तरांच्या उशापर्यंत मशीनसाठी वेगळी, नवी लाईन. तिला स्वतःची अर्थिंग, स्वतःचा ट्रिप स्विच. वायर स्कूटरच्या डिकीत होती, चार दिवसांपूर्वीही होती. तो वाकला की खिशातला फ्यूज छातीवर आपटायचा. घाम डोळ्यांत उतरत होता. तिकडं पलंगाशेजारी खुर्ची ओढून वस्ताद बसले होते. दोघे म्हातारे सिलिंडरच्या काट्याकडं बघत होते, आणि काटा खाली येत होता.

“निम्मा,” मालतीबाई म्हणाल्या.

सर्जेरावनं वायर पुढं ओढली.

“पाव...”

सर्जेरावच्या हातातून स्क्रू पडला. त्यानं तो जमिनीवर चाचपडून शोधला, बसवला, मेन आणि नव्या लाईनचा स्विच वर केला.

मशीननं सुस्कारा टाकला. मग दुसरा. बाईंनी नळी बदलली. मास्तरांनी एक बोट वर केलं. पूर्वी वर्गात चित्र पसंत पडलं की ते असंच बोट वर करायचे. सर्जेराव त्याच वर्गात बसलेला होता. त्याला रडू आलं.

“बाकीची लाईन बंदच ऱ्हाऊ दे,” वस्ताद म्हणाले. “सगळी बदलंस्तवर.”

“म्हणजे त्या वायरमन पोराचं खरं होतं,” मालतीबाई म्हणाल्या. “चहा तरी द्यायला हवा होता.” आणि चहा टाकायला गेल्या.

सर्जेरावनं उशावरची जुनी पट्टी उचकटली. आतून लाकूड वीतभर काळं झालं होतं. हात लावताच त्याचा कोळसा झडला. मधोमध एक जोड होता. नुसत्या तारा पिळून वर टेप गुंडाळलेला, आणि तो टेप जळून राख झालेला. खाली दोन हातांवर मास्तरांची गादी होती.

आणखी एक दिवस... फार तर दोन.

मग त्याला राग आला. दुसऱ्या कुणाची तरी चूक सापडली की थकल्या माणसाला तेवढीच तरतरी येते.

“कुणा गाढवानं मारलाय ह्यो जोड? आं? असल्याच्या हातात पक्कड दिली कुणी?”

जोड सोडवायला त्यानं नेहमीसारखी पक्कड फिरवली. पीळ सुटेना, उलट आवळत गेला. त्यानं जोर लावला, आणखी आवळला. मग त्याच्या हातानं आपोआप उलटा फेर घेतला, आणि जोड सुटला.

सर्जेरावचा हात तिथंच थांबला. सहा वर्षं वस्तादांचे जोड सोडवताना हा हात असाच उलटा फिरला होता.

त्यानं मान वर केली.

वस्तादांनी डावा हात पुढं केला होता. त्यानं जळकी तार त्या हातावर ठेवली.

“मास्तरांचं लगीन हुतं,” वस्ताद म्हणाले. “पंखा लावायचा हुता ह्या खोलीत. घाई हुती.”

“वस्ताद, मी... मला काय म्हाईत...”

मशीन सुस्कारत होतं. वस्तादांनी तार बोटांत फिरवली आणि मूठ मिटली.

“ह्यो जोड मारला त्या रात्री,” ते म्हणाले, “मला लई गाढ झोप लागली हुती.”